तिसऱ्या दहाव्याचा कोट

"कोट उबदार हुता, वकीलसाहेब. आन् काखंत ओल हुती."

बयाबाई एवढं बोलली आणि माझ्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली. हसू नका रे! वसंता, तू तर दात काढूच नकोस, आधी सगळं ऐकून घे. सनद मिळून मला चार महिने पण झाले नव्हते, अंगावरचा काळा कोट अजून कडक होता, आणि माझ्या आयुष्यातली पहिली आरोपी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलेली. पन्नाशीची, किडकिडीत, सुईनं बोटांना घट्टे पडलेले. चोरीचा आरोप आणि ही मला सांगतेय, चोरलेला कोट उबदार होता!

"उन्हानं तापला असेल," मी म्हटलं. "चैत्राचं ऊन, दुपारचे बारा, घाटाचा दगड तापलेला. कोट गरम होणारच की."

"उनानं कापड वरनं तापतंय. ह्यो आतनं उबदार हुता."

"बयाबाई, हे कोर्टात बोलायचं नाही."

"का?"

का म्हणे! आता तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच सांगा का ते.

ही बयाबाई पंचगंगेच्या घाटाजवळच्या बोळात राहते, एकटीच. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. धंदा वाकळा शिवायचा. आता वाकळ शिवायला जुनी कापडं लागतात, ती कुठनं येतात? तर घाटावरनं. जिथं दहावे होतात ना, तिथं खालून तिसऱ्या पायरीवर मयताची वापरातली कापडं सोडून द्यायची त्या बाजूच्या घरांची पद्धत. धोतर, कोट, टोपी, चपला. कोट उलटा करून घडी घालायची, अस्तर वर. चपलांची तोंडं पाण्याकडं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक धोंडा. आणि घरच्यांनी निघून जायचं. ती कापडं उचलायचा मान बयाबाईच्या सासूचा होता, सासूच्या सासूचा होता, आता हिचा. कुठं लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी हरकत पण घेतलेली नाही. वसंता, तुमच्या माडीवर ती निळ्या काठाची जाड वाकळ आहे बघ, तुझी आई कुणाकडनं शिवून घेते विचार एकदा. नाही, तू विचारच! वाकळ हातात देताना ही बाई एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगते, "ह्यो शिंप्याचा म्हातारा, ह्यो पोस्टातला, ह्यो तालमीतला, चांगली माणसं हुती, निवांत झोपा." सकाळी भटजी संकल्पाला नावं घेतात ती हिला सगळी पाठ.

आणि तिचे दोन नेम आहेत. पहिला, मेलेल्याच्या खिशात हात घालायचा नाही. कापडं तीन दिवस नदीत दगडाखाली बुडवून ठेवायची, मग खिसा बघायचा. दुसरा नेम, कापडं उचलली की घरापर्यंत मागं वळून बघायचं नाही. का, तर तो मागं येत असतो म्हणे. आपण बघितलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं.

तर त्या दिवशी घाटावर तीन दहावे होते. भटजींनी तिला सकाळीच सांगितलेलं, आज तीन आहेत म्हणून. दहापर्यंत सगळे आटोपून गेले आणि पायरीवर गाठोडी दोनच. ती दोन तिनं घरी नेली. तिसऱ्या दहाव्याची माणसं विसरली असतील, मागनं आणून ठेवतील, असं म्हणून बाराच्या सुमाराला परत आली. घाटावर चिटपाखरू नाही. तुम्हाला माहीत आहे ती वेळ, पाणी हलत नाही, दगडातनं नुसती वाफ निघते, आणि स्वतःच्या पायांचा आवाज पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तिसऱ्या पायरीवर काळा कोट. उलटा केलेला, अस्तर वर. खाली धोतर, टोपी. चपलांची तोंडं पाण्याकडं. वर धोंडा.

सगळं जसं पाहिजे तसं! मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

ती कापडं होती गणपतरावांची. हे पेठ वडगावचे शाळामास्तर. सकाळच्या मोटारीनं कचेरीच्या कामाला कोल्हापुरात आले, साहेबानं सांगितलं तीननंतर या. तोवर करायचं काय, म्हणून गेले घाटावर आंघोळीला. माणूस भारी टापटिपीचा, कोटाला धूळ लागू नये म्हणून घरीदारी कोट उलटा करूनच ठेवायचा. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला. पैशाची पिशवी कमरेला बांधली. आणि उतरले पाण्यात. त्या घाटावर पहिल्यांदाच आलेले, तिसऱ्या पायरीचं त्यांना कुठलं माहीत? पण बघा ना, एवढा लांब घाट, एवढ्या पायऱ्या, आणि त्या माणसानं आपल्या हातानं आपली कापडं अगदी त्याच पायरीवर, अगदी तश्शी...

पाण्यातनं ते वर आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी खाली कुरुंदवाडच्या बाजूला एक प्रेत लागलं. अंगावर लंगोट, बाकी काही नाही. पिशवी पण कुठं वाहून गेलेली. ना नाव ना गाव. पोलिसांनी पंचनामा केला, उजव्या पायाला सहा बोटं एवढं लिहून ठेवलं, आणि बेवारशी म्हणून जाळून टाकलं.

आणि इकडं त्यांची बायको श्यामलाबाई पेठ वडगावात दोन्ही वेळा ताट वाढून बसायची. अठरा दिवस! कचेरीत म्हणाले तीनला आलेच नाहीत, मोटारीवाला म्हणाला परत बसले नाहीत. माणूस कोल्हापुरात शिरला आणि विरघळला. अठराव्या दिवशी ती भावाला घेऊन घाटावर विचारपूस करत आली. तिथं बयाबाई पायरीवर अर्धी शिवलेली वाकळ पसरून तुकडे जुळवत बसलेली. श्यामलाबाई तिच्याशेजारनं पुढं गेली, थांबली, परत आली. खाली बसली. एका काळ्या तुकड्यावर निळ्या दोऱ्याचं रफू होतं, त्यावर बोट ठेवलं.

"हे रफू माझं आहे," म्हणाली. "काळा दोरा संपला होता. हे कुठून आणलंत?"

बयाबाई म्हणाली, "ह्यो तिसऱ्या दहाव्यातला. ह्येचं नाव न्हाई कळलं मला. तुमी त्यांच्या कोण?"

विचारायला नको होतं रे तिनं. पण तिला काय कल्पना! ती बाई पायरीवर आडवीच झाली म्हणे, आवाज न करता.

मग पोलीस, पंचनामा, ते सहा बोटांचं टिपण सापडलं, श्यामलाबाईला खूण पटली, आणि बयाबाईवर खटला. आमच्या दत्तोपंतांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आहे त्यांनी, कागद माझ्या अंगावर टाकले. "घे. एकोणऐंशी कलम वाचलंयस ना? वस्तुस्थितीची प्रामाणिक चूक. कायदा चुकीचा समजलास तर माफी नाही, पण जे आहे ते चुकीचं दिसलं, नीट काळजी घेऊन पण चुकीचं दिसलं, तर तो गुन्हा नव्हे. बाईला कोट मयताचा वाटला, मयताचा कोट उचलायचा तिला रिवाज, संपलं. भटजी तीन दहावे सांगतील. इतकं सोपं काम तुला परत मिळायचं नाही."

मी त्यांना ते ओलीचं सांगितलं. त्यांनी पान तोंडात घातलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

"कुणाकुणाला बोललीय हे?"

"मलाच."

"मग तुझ्याजवळच राहू दे. काखेत घाम असलेला कोट दहा दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाचा असतो होय रे? हे कळल्यावर पण नेला म्हटलं की प्रामाणिक चूक राहिली कुठं? सहा महिने आत बसेल ती. बाहेर आल्यावर घाटावर तिला कोण उभं करणार?"

म्हणून मी तिच्या घरी गेलो. एक खोली, चारी भिंतींना घड्या घातलेली कापडं, छपरापर्यंत. सदरे, कोट, धोतरं, लहान मुलाची एक कुंची. भर दिवसा तिथं बसलो होतो मी, दार सताड उघडं, बाहेर पोरं लगोरी खेळतायत, तरी मला सारखं वाटत होतं की खोलीत आम्ही दोघंच नाही, आणि बाकीचे सगळे आमचं बोलणं संपायची वाट बघतायत.

"बयाबाई, ओल तुम्हाला कधी लागली? उचलतानाच?"

"न्हाई. घाटावरनं घरी येताना, चढावर. कोट काखंत मारलावता. निम्म्या चढावर माझ्या दंडाला गार लागलं."

"मग तेव्हा कळलं की माणूस जिवंत आहे?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच खुळा.

"जित्ता कसा असंल? जित्त्याची कापडं तिसऱ्या पायरीवर कशी असतील?"

"मग काय वाटलं?"

तिनं सांगितलं. काय सांगितलं ते कोर्टात तिनं परत सांगितलं, तेव्हा तिथंच सांगतो. पण मी तिला हात जोडले. म्हटलं, एवढं एक वाक्य गिळा. मॅजिस्ट्रेट विचारेल कोट कुणाचा वाटला, म्हणा तिसऱ्या दहाव्याचा, आणि गप्प बसा. खोटं बोलू नका, नुसतं जास्त बोलू नका.

"त्यो तुकडा वाळला न्हाई, ठावं हाय का?" ती म्हणाली. "तीन दिस पाण्यात, चार दिस उनात. बाकीचा कोट कडक झाला, काखंचा तुकडा काय वाळंना. म्हणून वाकळंत वरच्या अंगाला घातला, ऊन लागंल म्हणून."

"ती बाई माझ्यावर दावा लावून बसलीय," ती पुढं म्हणाली, "पर ती म्हणती ते खरं हाय. कापडं तितंच असती तर तिचा नवरा कोण, कुठला, कळला असता. नावानं जळला असता."

ती जाईल तुरुंगात आणि मी जाईन दत्तोपंतांच्या शिव्या खायला, असं समजूनच मी तारखेला गेलो.

भटजी चांगले बोलले. तिसऱ्या दहाव्याचे लोक म्हणाले, आम्ही कापडं गड्याला देऊन टाकली, पायरीवर ठेवलीच नाहीत. सरकारी वकिलानं खिशाचं काढलं. तिसऱ्या दिवशी खिशातनं कागदाचा लगदा निघाला होता, ते कचेरीचं पत्र. कोरडं असताना बघितलं असतं तर त्यावर नाव होतं. मी नेमाचं सांगितलं. इथवर ठीक चाललेलं. मग उभा राहिला सयाजी, घाटावरचा नावाडी, दांडगा गडी.

"बाराच्या सुमाराला मी पल्याड नाव लावून भाकरी खात हुतो. ह्या काठाला पायरीवर काळं कायतरी दिसलं. म्हटलं कोणतरी न्हायाला उतरलाय. डोस्कं दिसलं न्हाई. म्हटलं मारली असंल बुडी. दोन घास खाल्लं, वर बघतोय तर पायरी मोकळी. म्हटलं गेला की पावणा कापडं घालून."

"दोन घास म्हणजे किती वेळ?" सरकारी वकील.

"ते कसं सांगू साहेब? भुकंवर हाय."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट पण हसला. बदलीनं आलेला माणूस, मिशीतल्या मिशीत.

"आणि कापडं तिथंच असती तर?"

"तर नाव घिऊन आलो असतो की! पायरीवर कापडं आन् पाण्यात डोस्कं न्हाई म्हंजे आमाला कळतंय. आजवर सात जणं काढल्यात मी. चार जगली."

आता कुणी हसलं नाही. मी उठलो. 

"सयाजी, त्या पायरीवर मयताची कापडं सोडतात हे तुम्हाला माहीत आहे?"

"व्हय की. बारक्यापणापासनं."

"मग ती कापडं मयताची असतील असं तुम्हाला का नाही वाटलं?"

त्यानं डोकं खाजवलं. "मी पाण्याकडनं बघतोय, साहेब. ही घराकडनं येती."

मला वाटलं, जिंकलो! बसलो खाली. बयाबाईकडं बघितलं तर तिचा चेहरा राखेसारखा झालेला. सयाजीचं हे बोलणं तिनं पण पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिला इतके दिवस वाटत होतं की आपण एका माणसाचं नाव घालवलं. पायरी मोकळी बघून नावाडी परत भाकरीकडं वळला, हे तिला माहीत नव्हतं.

मग मुद्देमाल उघडला. सहा आठवडे लाखेचं सील मारलेली गोणपाटाची पिशवी. शिपायानं सील तोडलं, वाकळ टेबलावर पसरली. आणि शप्पथ सांगतो, पहिल्यांदा वास आला. नदीचा नाही. माणसाचा. उन्हातनं चालत आलेला माणूस शेजारी येऊन बसला की येतो ना, तसा. सरकारी वकील अर्धं पाऊल मागं सरकला, मी बघितलं.

आरोपीला शपथ नसते, मॅजिस्ट्रेट स्वतः विचारतो. त्यानं विचारलं, "कोट उचललास तेव्हा तो कुणाचा वाटला?"

"तिसऱ्या दहाव्याचा."

"जिवंत माणसाचा असेल अशी शंका नाही आली?"

मी मनात म्हणतोय, नाही म्हण, बाई, एक शब्द, नाही म्हण आणि बस.

"उचलताना न्हाई आली," बयाबाई म्हणाली. "चढावर माझ्या दंडाला घाम लागला. कोटाचा घाम. दहा दिसांमागं मेलेल्याच्या कोटाला घाम कसला? माझं पाय थांबलं."

सरकारी वकील उठून उभाच राहिला. मी डोळे मिटले.

"मग काय वाटलं?"

"वाटलं, मेलेला अजून कोटातनं निघाला न्हाई. आत हाय. माझ्यासंगं चाललाय. चढावरनं सगळी नदी दिसती साहेब, नुसतं वळून बघायचं हुतं. पर वळायचं न्हाई असा आमचा नेम. मी भ्याले. मी त्येला म्हटलं, बाबा, चल, गप चल. तुला चांगल्या वाकळंत घालती."

पंखा ओढणाऱ्याचा हात थांबला होता.  मॅजिस्ट्रेट खुर्चीतनं पुढं वाकला, त्या निळ्या रफूच्या तुकड्यावर त्यानं दोन बोटं ठेवली. ठेवली आणि पटकन उचलली. मग खिशातनं रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून. काय लागलं बोटांना ते त्यानं कुठं लिहिलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरनं श्यामलाबाई बोलली. कुणी विचारलं नव्हतं तिला. हळू बोलली, जसं काही स्वयंपाकघरात शेजारणीशी बोलावं.

"त्यांना घाम फार यायचा हो. म्हणून तर तिथं विरला होता."

निकाल चार दिवसांनी लागला. निर्दोष. मॅजिस्ट्रेटनं लिहिलं, आरोपी जे समजली ते कुणाला खुळेपणाचं वाटेल, पण ती ते मनापासून समजली, आणि तिच्या रिवाजाप्रमाणं जेवढी काळजी घ्यायची तेवढी तिनं घेतली. बाईनं स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट आपणहून सांगितली, यावरूनच तिच्या प्रामाणिकपणाबद्दल संशय राहत नाही. म्हणजे बघा, जे वाक्य मी तिला गिळायला सांगत होतो त्याच वाक्यानं ती सुटली! मी तर उड्या मारायच्या बेतात. आणि ही हलेचना.

"साहेब, माझी चूक झाली म्हंजे काय झालं?"

"वस्तुस्थितीची चूक," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "तुला वाटलं माणूस मेलेला आहे. तो जिवंत होता."

"मी कोट उचलला तवा जित्ता हुता?"

त्यानं कागद चाळले. खरंच चाळले रे, जसं काही कुठंतरी ते असेलच.

"ते कोर्टापुढं आलेलं नाही."

"मग चूक झाली का न्हाई, ते कसं ठरलं?"

शिपायानं पुढची पुकार केली. मी तिला हाताला धरून बाहेर आणली. दत्तोपंत नंतर म्हणाले, सुटलेल्या आरोपीनंच निकालाला हरकत घेतलेली हे त्यांच्या तीस वर्षांतलं पहिलंच.

कोटाचे तुकडे श्यामलाबाईला परत द्यायचे असा हुकूम होता. पण ते वाकळेत शिवलेले! मग तिथंच व्हरांड्यात बयाबाई बसली आणि टाके उसवायला लागली. एकेक टाका, नखानं उचलायचा, दातानं तोडायचा. श्यामलाबाई खांबाला टेकून उभी. अर्धा तास झाला, एक तास झाला. भाऊ म्हणाला, ताई, मोटार जाईल. ती खाली बसली आणि वाकळेचं दुसरं टोक धरून ताणलं, म्हणजे टाके नीट दिसावेत. अशा दोघी समोरासमोर. मी खांबामागं उभा, माझं तिथं काही काम नव्हतं, पण जाववेना.

बऱ्याच वेळानं श्यामलाबाई म्हणाली, "चढावर तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

"बोलले."

"ऐकू गेलं असेल?"

बयाबाईनं दोरा तोंडातनं काढला. "ठावं न्हाई, माय. खोटं कसं सांगू?"

पुन्हा दोघी कामाला लागल्या.

हे झालं चार महिन्यांपूर्वी. आता परवाचं ऐका, आणि यासाठीच मी तुम्हाला हे सगळं सांगत बसलोय, कारण त्या दिवसापासनं मला धड जेवण जात नाही. रविवारी भर दुपारी मी घाटावर गेलो, आंघोळीला. बयाबाई तिसऱ्या पायरीवर बसलेली. वाकळ नाही, सुई नाही, नुसती बसलेली. आणि पाण्यात जो उतरेल त्याला विचारायची, "पावणं, नाव काय? गाव कुठलं?" कुणी हसतं, कुणी सांगतं. एक पैलवान तिच्यावर ओरडला, "म्हातारे, मराय चाललोय व्हय मी? आल्या आल्या अपशकुन!" ती शांत. "न्हाई बाबा. न्हाऊन ये. नाव तेवढं सांग."

सयाजी नाव लोटत म्हणाला, "साहेब, रोजच हाय हे. हिला बघून लोकं पल्याड न्हायाला जायाला लागल्यात."

मी कपडे काढले, पायरीवर ठेवले. तिनं माझ्याकडं बघितलं.

"नाव?"

"बयाबाई, अहो मी! तुमचा वकील!"

"व्हय की. वळिकलं. नाव सांगा."

मग मी सांगितलं. माझं, वडलांचं, आडनाव, पेठ. तिनं ते हळूच परत म्हटलं, पाठ करताना म्हणतात तसं. मी उतरलो. पाणी गार होतं, मी मुद्दाम लांब बुडी मारली, का ते विचारू नका, दम पुरेल तोवर आत राहिलो. आणि वर डोकं काढलं तर ती पायरीवर उभी राहिलेली, पदर गळालेला, हात कपाळावर धरून पाणी न्याहाळतेय, आणि पूर्ण दमानं नदीकडं बघून माझ्या नावानं हाका मारतेय. मी हात वर केला. तिला दिसलो. तरी शेवटची हाक तिच्या तोंडातनं बाहेर पडलीच, आणि मग ती खाली बसली.